न गायलेला टेक

१

संघर्षच्या स्टुडिओत गाण्याची सुरुवात सुरानं होत नसे, ‘खट्’ अशा आवाजानं होई. हा आवाज कूलरच्या बटणाचा.

स्टुडिओ कसला म्हणा, गुढियारीतल्या घराची मागची खोली. पूर्वी तिथं तांदळाची पोती असायची. संघर्षनं भिंतींना फोम लावला, फोम कमी पडला तिथं आईच्या जुन्या गोधड्या ठोकल्या, एक कॉम्प्युटर मांडला, एक माइक टांगला, आणि पाटीबिटी न लावताच लोक यायला लागले. छत्तीसगढी गाणीवाले, भीमगीतंवाले, लग्नाच्या व्हिडिओवाले. खिडकीत पत्र्याचा जुना कूलर होता. तो असा घरघरायचा की गोधड्या ठोकूनही शेजारचे बोलताना आवाज चढवायचे. रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद ठेवावाच लागे, मग बाहेर रायपूरचा जून का असेना.

बाबा गायला बसले की हे काम त्यांचं. स्वतः उठायचे, बटण खट् करून खाली पाडायचे, पंख्याची पाती पूर्ण थांबेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. मग वेताच्या खुर्चीत बसायचे. खुर्ची कुरकुरायची. घसा खाकरायचे आणि म्हणायचे, “हं, चालव.”

कधी कधी तेवढंही नाही. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात अख्खी नोकरी पॅनलसमोर उभं राहून काढलेला माणूस तो, बटणं दाबायची हौस अजून फिटली नव्हती. “थांब, मी दाबतो,” म्हणत स्वतःच लाल बटण दाबायचे आणि पोरासारखे खूश व्हायचे. संघर्षनंच शिकवलं होतं त्यांना.

बाबांनी, म्हणजे प्रल्हाद खोब्रागडेंनी, रात्रपाळीत उभ्या उभ्या एक गाणं रचलं होतं. माणसानं अंधारात काढलेल्या पिढ्या, आणि शेवटी उजाडणं. गाण्याचं नावच ‘रात्रपाळी’. विहारात, जयंतीला, ओळखीच्या लग्नात त्यांनी ते कितीदा गायलं असेल, पण ते कुठंच जपून ठेवलेलं नव्हतं. आता छातीत भट्टीची धूळ बसली होती. दम पुरत नव्हता. डॉक्टर स्पष्ट बोलला होता की गाणंबिणं विसरा. हे विसरणारे नव्हते. आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास बसतो, त्या दिवशी हे गाणं स्पीकरवर लागलं पाहिजे, एवढंच त्यांनी पोराकडे मागितलं होतं.

चार कडवी होती. एका बैठकीत एकच, असा करार आईनं करून घेतला. दोन कडवी झाली होती.

२

अडचण एकच होती. बाबांच्या श्वासाला शिट्टी यायची. ओळ संपली की बारीक, लांबत जाणारी शिट्टी. माइक चांगला, त्यामुळे ती शिट्टीही चांगलीच यायची.

“हे कोणाले ऐकवू नको,” बाबा हेडफोन काढत म्हणाले होते. “लोकं गाणं ऐकतीन का माह्या फेफड्याचा हाल ऐकतीन?”

संघर्षनं नाना तऱ्हा करून पाहिल्या. शिट्टी काढली की आवाजही खरवडला जायचा. अशात त्यानं वाचलं की कॉम्प्युटरची नवी सिस्टम येते आहे आणि तिच्यात आवाज फोडून वेगळा करायची सोय आहे. गळा एकीकडे, श्वास एकीकडे, मागची खुडबुड एकीकडे. सिस्टम बाजारात यायला अवकाश होता, पण कच्ची, तपासणीसाठी सोडलेली प्रत कुणालाही उतरवून घेता येत होती. बीटा म्हणतात तिला.

आता कामाच्या मशीनवर बीटा टाकायची नाही, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ब्राह्मणपाऱ्यात लोकेशचं वाद्यं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्याकडे संघर्ष मत विचारायला म्हणून गेला. खरं म्हणजे मनानं ठरवूनच गेला होता.

“कमाने वाली मशीन पे बीटा?” लोकेशनं हार्मोनियमच्या भात्यातून मान वर केली. “भाई, दूसरी मशीन है क्या तेरे पास?”

“नाही.”

“तो पूछने क्यों आया है? कच्चा माल है वो. कल को खुलेगा नहीं तो मेरे सिर पे मत रोना.”

“बाबांचं गाणं आहे रे.”

लोकेशनं हातातला पेचकस खाली ठेवला. त्यानं लहानपणी ते गाणं ऐकलेलं होतं. “बैकअप ले लेना,” एवढंच म्हणाला आणि पुन्हा भात्यात शिरला.

संघर्षनं बीटा टाकली. दोन-चार गोष्टी रुसल्या, पण आवाज फोडायची सोय मात्र अशी निघाली की तो खुर्चीत सरळ होऊन बसला. दुसऱ्या कडव्यातून बाबांचा गळा बाहेर आला तो धुतलेल्या ताटासारखा. आणि शिट्टी पडद्यावर एका वेगळ्या ओळीवर जाऊन पडली.

त्यानं ती ओळ एकटी लावून पाहिली. गाणं नाही, शब्द नाही, नुसता बाबांचा श्वास. आत, बाहेर. मधल्या जागा शांत. झोपलेल्या माणसाच्या उशाशी उगाच उभं राहावं तसं त्याला वाटलं, आणि त्यानं ती बंद केली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मशीन उघडली तेव्हा पडद्यावर गाण्याच्या तीन पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, होत्या. बाबा १, बाबा २, बाबा ३.

तिसरं कडवं अजून गायचं होतं.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. कच्ची सिस्टम, कुठली तरी जुनी फाइल उचलून आणली असेल. त्यानं हेडफोन लावले. खट्. पाती थांबत गेली. खुर्ची कुरकुरली. “हं, चालव.” आणि बाबा तिसरं कडवं गायले.

मध्येच गल्लीतून भंगारवाल्याचा भोंगा आला, “लोहा, टीना, प्लास्टिक,” आणि पाठोपाठ आईचा दबका आवाज, “ओ भैया, आगे जाओ ना, रेकॉर्डिंग चल रहा है.” बाबा गाता गाता हसले. हसू गिळून त्यांनी ओळ पुन्हा धरली, आणि ‘कोरड्या विहिरीत पाणी’ असं होतं तिथं ‘कोरड्या विहिरीत ओल’ असं गायले.

संघर्षला वाटलं, गेल्या वर्षी कधीतरी सरावाला बसवलं असेल त्यांना. आपल्यालाच आठवत नाही. माणूस कितीही कानाचा पक्का असो, सगळं कुठं लक्षात राहतं? असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

स्वयंपाकघरात बाबा कांदा-मिरची लावून बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, खात बसले होते. इतकी वर्षं छत्तीसगढात काढून सकाळी बासी खाल्ल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे.

“संघर्ष,” ते घास थांबवून म्हणाले, “तिसऱ्या कडव्यातला एक शब्द बदलून टाकला बरं मी. रात्री झोपच नाही आली, तवा सुचला. पाणी नाही म्हणायचं. ओल म्हणायचं. विहिरीत एकदम पाणी कसं येईन? पहिले ओल येते.”

आई म्हणाली, “झोपत जा ना जरा. शब्द कुठी पळून चालले का?”

संघर्षच्या हातातला कप तसाच राहिला.

४

दुपारी बाबा गायला बसले. संघर्षनं मुद्दाम नवी पट्टी उघडली. खट्. पाती थांबली. खुर्ची. “हं, चालव.”

भोंगा येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि येऊ नये म्हणून तो मनातल्या मनात अक्षरशः हात जोडून बसला होता. भोंगा आला. आई बोलली. बाबा हसले. ओल.

“चांगलं झालं ना?” बाबांनी विचारलं. कपाळ घामानं निथळत होतं.

“चांगलं झालं.”

“मग तोंड काहून उतरलं तुहं?”

“गरमी आहे,” संघर्ष म्हणाला.

बाबा आडवे व्हायला गेले तेव्हा त्यानं एक तपासणी केली. आवाजाची कामं करणाऱ्यांना ती माहीत असते. दोन रेकॉर्डिंग एकावर एक ठेवायची आणि त्यातलं एक उलटं करायचं. दोन्ही जर तंतोतंत सारखी असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि काहीच ऐकू येत नाही. जरा जरी फरक असला, तरी तेवढा फरक उरतो. माणूस एकच ओळ दोनदा गायला तर उरतो तो बराचसा गोंगाटच, कारण कुणीही दोनदा सारखं गात नाही. मोठ्यातला मोठा गवईसुद्धा नाही.

त्यानं सकाळची पट्टी आणि दुपारची पट्टी एकावर एक ठेवली. एक उलटी केली. बटण दाबलं.

कानात काहीही आलं नाही.

भोंगा नाही, आई नाही, हसू नाही. त्यानं आवाज पूर्ण वर नेला. हेडफोन घट्ट दाबून धरले. पट्टी पुढं सरकत होती आणि आत ठार शांतता होती. त्याला एकदम खोलीतल्या कूलरची आठवण झाली आणि त्यानं घाईघाईनं उठून तो लावला. काहीतरी आवाज पाहिजे होता.

५

या घरात भूतबित चालत नसे. लिंबू-मिरची चालत नसे, दृष्ट चालत नसे, अमावास्या म्हणजे फक्त कॅलेंडरवरचा काळा गोल. लहानपणी संघर्ष कशालाही घाबरला की बाबा त्याचा हात धरून थेट त्या जागी बघायला घेऊन जायचे. “पाय. हात लाव. आता सांग, काय हाय?” कपाटामागं पाल निघायची, नाहीतर काहीच निघायचं नाही. असल्या बापाचा पोरगा तो. त्याला घाबरायचीसुद्धा लाज वाटत होती.

म्हणून तो हात लावायला लोकेशकडे गेला. सगळ्या पट्ट्या पेन ड्राइव्हवर घालून नेल्या.

लोकेशनं आपल्या मशीनवर लावल्या. बाबांचं तिसरं कडवं एकदाच होतं. दुपारचं. सकाळची फाइल ड्राइव्हवर नव्हतीच.

“देख, इसमें क्या है,” लोकेश समजावणीच्या सुरात म्हणाला. “एक ही फाइल को दो जगह दिखा रहा होगा. बीटा है. तारीख-वारीख गड़बड़ कर देता है.”

“मी सकाळी ऐकलं ना ते. बाबा गायच्या आधी.”

“तेरे को लगा.”

“ओल शब्द होता त्यात.”

लोकेशनं पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातात ठेवला. “पिताजी की तबीयत का टेंशन है तेरे को,” तो म्हणाला. “निकाल दे वो सिस्टम. पुराना डाल दे वापस.”

टेन्शन होतंच. ते कशाला नाकारायचं? बाबा जाणार, आज नाहीतर उद्या जाणार, हे संघर्षला पहिल्या शिट्टीपासून कळत होतं आणि ते सहन होत नव्हतं. म्हणून तर ती शिट्टी काढायला निघाला होता तो.

घरी येऊन त्यानं सिस्टम पुसायची तयारी केली. शेवटचं म्हणून गाणं उघडलं.

बाबा ४.

६

ऐकायचं नाही, असं त्यानं ठरवलं. ठरवून अर्धा तास गल्लीत उभा राहिला, शेजाऱ्याच्या गाडीची चौकशी केली, आईला दळण आणून दिलं. मग आत आला, दार लावलं, हेडफोन घातले.

खट् आलं नाही.

कूलर चालू होता. भरभरून वाहणारा, जाड, एकसुरी आवाज. आणि तो यांच्या कूलरचा नव्हता. यांचा पत्रा खडखडायचा. हा नुसता घुमत होता. त्यात खुर्ची कुरकुरली. बाबांनी घसा खाकरला. “हं, चालव” म्हणाले नाहीत. कुणाला म्हणणार, खोलीत दुसरं कुणी असावं असं वाटत नव्हतं.

“रात्रपाळी सरली भाऊ, कंदील खाली ठेवा,” बाबांनी चौथ्या कडव्याची पहिली ओळ घेतली. सुरेख घेतली. शेवटचा ‘वा’ लांबवला.

मग दुसरी ओळ आली नाही.

कूलर चालू राहिला. संघर्ष वाट पाहत होता. पट्टी सरकत होती, सरकत होती, आणि त्यात कूलरशिवाय काही नव्हतं. शेवटी त्यानं आवाज फोडून पाहिला. गळा पडद्यावर वरच्या ओळीत आला, त्यात गाण्याचे तेवढे शब्द आणि पुढं मोकळी जागा. कूलर खालच्या ओळीवर गेला. मधली ओळ श्वासाची. आधीच्या प्रत्येक कडव्यात ती मुंग्यांच्या रांगेसारखी शेवटपर्यंत चाललेली असायची. इथं ती ‘ठेवा’पर्यंत चालली होती. त्यापुढं सरळ रेघ.

खुर्ची माइकपासून लांब सरकली असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मान वळवून बसले असतील. डोळा लागला असेल. त्यांचा लागतो दुपारी.

तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी हाक मारली. “बाबा.”

तो त्याचाच आवाज होता.

“बाबा.” दुसरी हाक जरा मोठी. मग थोडी जागा. स्टीलचा पेला कुठंतरी टेकवल्याचा टण् असा आवाज. आणि तिसरी हाक. त्या तिसऱ्या हाकेत जे होतं ते ऐकून संघर्षनं हेडफोन ओढून काढले आणि मशीनचा प्लग सरळ भिंतीतून उपटला.

पट्टी संपलेली नव्हती. पुढं अजून होती. ती त्यानं ऐकली नाही.

७

मशीन त्यानं कोरी केली. बीटा गेली, जुनी सिस्टम आली. पेन ड्राइव्हवरून तीन कडवी परत आणली, आणि तिथं तीनच राहिली. चौथी पट्टी कुठंच नव्हती. रोज सकाळी उघडून बघायचा. तीनच.

तरी त्यानं कूलर काढला. खिडकीतून उतरवला आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवून दिला. आपला कूलर तो नव्हताच, हे कळत असूनही ठेवून दिला. या खोलीत आता कूलरच राहणार नाही, म्हणजे झालं, असा त्याचा हिशेब.

“पागल झाला का रे?” आई म्हणाली. “पाण्याचा पत्ता नाही अन् कूलर इकून राहिला.”

“गंज लागला होता आई. आवाज येत होता.”

चौथं कडवं तो टाळत राहिला. सिस्टम बिघडली आहे. माइक दुरुस्तीला दिला आहे. लोकेशला वेळ नाही. बाबा रोज दुपारी धुतलेला सदरा घालून खोलीच्या दारात येत आणि कारण ऐकून परत जात. बहीण अस्मिता शंकर नगरात राहायची, ऑफिसातून येता-जाता डोकवायची. तिनं भावाला एकीकडे घेतलं.

“तू कर क्या रहा है भैया? पापा रोज फोन पे रोते हैं मेरे पास. एक कडवं तो बचा है.”

“करतो.”

“कब? पौर्णिमा आ गई.”

त्याला तिला सांगता आलं नाही. सांगून काय सांगणार? चौथ्या कडव्याची पहिली ओळ बाबांनी जोवर गायली नाही, तोवर ते आहेत. एवढीच गोष्ट होती, आणि ती मोठ्यानं बोलली की वेडगळ वाटत होती.

एका दुपारी बाबा दारातून परत गेले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले. शिट्टी ऐकू येत होती.

“तू माह्यापासून काही लपवून राहिला,” ते म्हणाले. “डॉक्टर काही बोलला का?”

“नाही बाबा. खरंच नाही.”

“मग आयक. मले मरायचं भेव नाही. पण हे अर्धं राहिलं ना, तर मले लै वाईट वाटीन. जल्मभर गायलो, अन् पोट्टा स्टुडिओवाला असून गाणं अर्धं राहिलं, असं नको होऊ देऊ.”

“उद्या करू,” संघर्ष म्हणाला. खरंच करायचं ठरवलं त्यानं तेव्हा. खोलीत कूलर नाही, मी समोर बसलेला असेन, हात धरून बसेन. मग ती पट्टी होणारच नाही. दुसरंच काहीतरी होईल.

८

दुसऱ्या दिवशी माइकची एक जादा वायर आणायला तो ब्राह्मणपाऱ्यात गेला. लोकेशनं चहाला बसवलं. परत आला तेव्हा ऊन भाजत होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यानं गाडी फाटकाशी बंद केली.

गाडी बंद झाली तरी एक आवाज चालूच राहिला. जाड, एकसुरी, घुमणारा.

तो ओटा चढून आत गेला. आई स्वयंपाकघरात लिंबू पिळत होती.

“आलास? पाय, अस्मितानं नवा कूलर पाठवला. पोट्टे येऊन लावून गेले, मघाच. प्लास्टिकचा हाय, अजिबात खडखडत नाही.” ती कौतुकानं हसली. “तुहे बाबा तिथंच जाऊन बसले. म्हणे, पोट्टा येईपर्यंत मीच दाबतो लाल बटण. मी म्हटलं, कूलर तरी बंद करा, तर म्हणे आज नाही करत, थंड हवेत दम पुरते.”

“गायले का?”

“एक ओळ आली ऐकू. मग मी लिंबं आणाले बाहीर गेली.”

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यानं ते उघडलं.

बाबा पाठमोरे बसले होते. धुतलेला सदरा. कानाला मोठे हेडफोन. नव्या कूलरची हवा त्यांच्या मानेवरचे पांढरे केस हलवत होती. मान किंचित उजवीकडे, लक्ष देऊन काही ऐकावं तशी. पडद्यावर लाल दिवा लागलेला होता आणि चौथी पट्टी पुढं सरकत होती. सुरुवातीला एक उंच डोंगर, त्यानंतर नुसता कूलरचा सपाट पट्टा.

हेडफोन आहेत कानाला. कूलर चालू आहे. ऐकूच जाणार नाही त्यांना. संघर्ष हा सगळा विचार अगदी नीट करत होता. डोळा लागला असेल. मला फक्त चार पावलं जाऊन खांद्यावर हात ठेवायचा आहे. पाय. हात लाव. आता सांग, काय हाय?

पाय निघाले नाहीत. इथून दिसत होता तो खुर्चीत बसलेला एक माणूस, त्याचे बाबा, केस हलताहेत. इथून अजून काहीही झालेलं नव्हतं.

“आवाज दे ना त्याइले,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. “सरबत झालं म्हण.”

तो हाक मारणार नव्हता. त्यानं ठरवलंच होतं की कधी काही झालं तरी या खोलीत हाक मारायची नाही. पण बापाला पोरगा किती वेळ हाक न मारता राहील?

“बाबा.”

आवाज बाहेर पडला आणि त्यानं तो ओळखला. पडद्यावर पट्टीत एक बारीक टोक उमटलं.

“बाबा.”

दुसरं टोक, जरा मोठं. केस हलत होते. मान तशीच. मागून आई आली, त्याच्या बाजूनं आत वाकली आणि दाराजवळच्या स्टुलावर सरबताचा पेला टेकवला. टण्.

आता एकच हाक उरली होती. संघर्षनं चौकट घट्ट धरली. त्या हाकेपुढचं त्याला माहीत नव्हतं. पट्टी पुढं होती, बरीच होती, आणि त्यानंच ती ऐकली नव्हती. घाबरून भिंतीतला प्लग उपटला होता. त्या उरलेल्या पट्टीत शांतता असेल. किंवा खुर्ची कुरकुरली असेल, हेडफोन काढल्याचा आवाज असेल, आणि “काहून रे, केव्हाचा बोंबलून राहिला?” असं कुणीतरी म्हटलं असेल. तेही असू शकेल. जे काही होतं, ते त्यानं आपल्या हातानं पुसून टाकलं होतं. आता ते कळायला दुसरा मार्ग नव्हता.

आई एकदा त्याच्या तोंडाकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहू लागली.

त्यानं तिसरी हाक मारली, आणि कान देऊन उभा राहिला.